परवाना गेला, कायदा राहिला

अमेरिकेच्या ५० राज्यांपैकी २९ राज्यांत २०२४ अखेर अशी स्थिती आली आहे की, प्रौढ नागरिकाने भरलेले पिस्तूल कोटाखाली लपवून भर रस्त्याने खुशाल जावे. त्यासाठी कोणत्याही कचेरीची पायरी चढावयास नको, की कोणाच्या सहीशिक्क्याची वाट पाहावयास नको. या व्यवस्थेचे पुरस्कर्ते तिला घटनादत्त शस्त्रधारण म्हणतात. हक्क घटनेने दिलेला आहे, मग तो बजावण्यासाठी सरकारपुढे अर्ज कशाला करावयाचा, असा त्यांचा सवाल आहे. सवाल प्रथमदर्शनी बिनतोड वाटतो. परंतु परवान्याची अट काढून टाकणारे हे कायदे मुळातून वाचू लागले म्हणजे ध्यानात येते की, रद्द झाला तो केवळ एक कागद. त्या कागदामागे उभे असलेले निर्बंध बव्हंशी जसेच्या तसे राहिले आहेत. पूर्वी ते निर्बंध समजावून देण्याचे काम परवान्याचा वर्ग घेणारा शिक्षक करीत असे आणि अर्जदार पात्र आहे की नाही हे सरकारी कचेरी पाहत असे. आता ही दोन्ही कामे ज्याने त्याने आपापल्या घरी करावयाची आहेत, आणि त्यात चूक झाली तर तुरुंगाची वाट धरावयाची आहे. स्वातंत्र्याचा विस्तार म्हणून ज्याचा डंका वाजविला जात आहे, त्यातून सामान्य माणसाच्या पदरात नेमके काय पडले, हे म्हणूनच पाहिले पाहिजे.

या प्रकाराला प्राचीन परंपरेचा आधार आहे असे सांगण्यात येते. इतिहास मात्र त्याला फारसा दुजोरा देत नाही. व्हरमाँट हे उत्तरेकडील चिमुकले राज्य तेवढे खरोखरीच जुने उदाहरण होय. १९०३ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने रटलंड शहराचा परवान्याचा नियम अवैध ठरविला आणि तेव्हापासून त्या राज्यात हा परवानाच अस्तित्वात नाही. पुढे शंभर वर्षे या वाटेने दुसरे कोणी गेले नाही. २००३ साली अलास्का आणि २०१० साली ॲरिझोना तिकडे वळले, आणि मग रीघच लागली. एकट्या २०२१ या वर्षात टेक्सस, टेनेसी, युटा, आयोवा व माँटॅना या राज्यांनी परवान्याची सक्ती काढली. त्यापुढील तीन वर्षांत ओहायो, इंडियाना, जॉर्जिया, ॲलाबामा, फ्लॉरिडा, नेब्रास्का, साउथ कॅरोलायना आणि लुईझियाना यांनी तोच कित्ता गिरविला.

चित्रपटांतील काउबॉय पाहून ज्यांनी पश्चिम अमेरिकेची कल्पना बांधली आहे, त्यांना एक गोष्ट विलक्षण वाटेल. ॲरिझोनातील टूमस्टोन गावी २६ ऑक्टोबर १८८१ रोजी झालेली चकमक अमेरिकेच्या लोककथेत अजरामर झाली आहे. ती कशावरून उद्भवली? त्याच वर्षी एप्रिलमध्ये गावाने ठराव करून वेशीच्या आत विनापरवाना शस्त्र बाळगण्यास बंदी केली होती, आणि गावचे पोलीस त्या ठरावाप्रमाणे प्रतिपक्षाची पिस्तुले काढून घेण्यास निघाले होते! टेक्ससच्या विधिमंडळाने तर १८७१ सालीच पिस्तूल घेऊन हिंडणे गुन्हा ठरविले होते. तत्काळ हल्ल्याचे वाजवी भय असेल तर गोष्ट वेगळी. थोड्याफार अपवादांनिशी ही बंदी १९९५ पर्यंत टिकली. त्या साली गव्हर्नर जॉर्ज डब्ल्यू. बुश यांनी परवान्याच्या कायद्यावर सही केली, आणि २०२१ साली गव्हर्नर ग्रेग ॲबट यांच्या सहीने त्या परवान्याचीही गरज उरली नाही. म्हणजे सव्वाशे वर्षांची बंदी आणि पाव शतकाचा परवाना, असा हा क्रम आहे. ज्याला परंपरा म्हणावयाचे ती नेमकी कोणती, असे कोणी विचारल्यास उत्तर देणे कठीण पडेल.

दुसरा आधार सांगितला जातो तो वॉशिंग्टनच्या सर्वोच्च न्यायालयाचा. १७९१ सालच्या दुसऱ्या घटनादुरुस्तीतील शस्त्रहक्क हा व्यक्तीचा हक्क आहे, असे त्या न्यायालयाने २००८ साली सांगितले. २०१० साली तो राज्यांवरही बंधनकारक केला. आणि जून २०२२ मध्ये न्यायमूर्ती क्लॅरेन्स थॉमस यांनी सहा विरुद्ध तीन अशा बहुमताचे निकालपत्र लिहून न्यू यॉर्कचा १९१३ पासूनचा नियम रद्द केला. या नियमानुसार पिस्तूल बाळगण्याचे खास कारण अर्जदाराने अधिकाऱ्याला पटवून द्यावे लागे. या निकालाचा जयजयकार करणारे एक गोष्ट विसरतात, किंवा विसरल्यासारखे करतात. न्यायालयाने परवाना ही कल्पना मोडीत काढलेली नाही. ठराविक अटी पुऱ्या केल्या की परवाना द्यावाच लागतो, अशी जी पद्धत बहुसंख्य राज्यांत होती, तिला धक्का लावीत नसल्याचे निकालपत्रात स्पष्ट म्हटले आहे. मोडली ती अधिकाऱ्याची मर्जी. २००८ च्या निकालात न्यायमूर्ती अँटोनिन स्कालिया यांनीही गुन्हेगारांवरील बंदी आणि शाळा, सरकारी इमारती यांसारख्या ठिकाणांतील मनाई यांना हात लावलेला नव्हता. आणि कौटुंबिक हिंसाचाराबद्दल न्यायालयाने प्रतिबंधक हुकूम काढलेल्या माणसाला शस्त्र नाकारता येते, असे २०२४ साली आठ विरुद्ध एक मतांनी ठरले. तेव्हा परवाना काढून टाकणे हा न्यायालयाचा हुकूम नव्हे. तो त्या त्या विधिमंडळांनी स्वखुशीने घेतलेला निर्णय आहे आणि त्याची जबाबदारीही त्यांचीच.

आता अशा राज्यात राहणाऱ्या, सरळमार्गी आणि पिस्तूल बाळगू इच्छिणाऱ्या एखाद्या गृहस्थाची कल्पना करावी. त्याला पहिला प्रश्न पडावयास हवा तो असा की, हा हक्क मला आहे काय? मध्यवर्ती कायद्यात अपात्र माणसांची एक लांबलचक यादी आहे. एक वर्षापेक्षा अधिक शिक्षेस पात्र अशा गुन्ह्यात दोषी ठरलेला, फरारी, अमली पदार्थ सेवन करणारा, न्यायालयाने मनोरुग्ण ठरविलेला, लष्करातून बेअब्रूने काढलेला, बायकोला मारहाण केल्याच्या किरकोळ गुन्ह्यातही दोषी ठरलेला, अशांना शस्त्र हातात घेणेच मना आहे. राज्यांच्या अटी त्यापलीकडे. टेक्ससात दुसऱ्यास इजा करणे, दहशतीची धमकी देणे अशा काही लहान गुन्ह्यांत मागील पाच वर्षांत शिक्षा झालेल्याला विनापरवाना पिस्तूल बाळगता येत नाही. वयाची अट कोठे २१, कोठे १८. परवान्याचा अर्ज केला असता तर ही सारी छाननी कचेरीत झाली असती आणि फार तर नकार घरी आला असता. आता अर्ज नाही, म्हणून नकारही नाही. आपण अपात्र आहोत हे त्या गृहस्थाला कळावयाचे ते रस्त्यात गाडी अडविणाऱ्या पोलिसाकडून, हातात बेड्या पडताना.

ही पायरी ओलांडली तरी प्रश्न उरतो तो कोठे जाता येईल याचा, आणि येथे तर व्याकरणातल्यासारखी गत आहे. नियम एका ओळीचा आणि अपवाद पानभर. टेक्ससातील दुकानदाराला आपल्या दारावर निरनिराळे फलक लावता येतात. एक फलक परवाना नसलेल्या शस्त्रधाऱ्याला मज्जाव करतो. दुसरा परवानाधारकाला लपविलेले पिस्तूल आत आणण्यास मनाई करतो. तिसरा त्याला ते उघडपणे आणण्यास मनाई करतो. ज्या जागेचे ५१ टक्के वा अधिक उत्पन्न तेथेच पिण्याच्या मद्यातून येते, तिच्यासाठी निराळा फलक. पिस्तूल दिसेल असे बाळगावयाचे तर ते म्यानातच हवे. अर्ज न करता मिळालेला हा हक्क बजावण्यासाठी माणसाला प्रत्येक दारावर थांबून दंडसंहितेची कलमे वाचावी लागतात, याची गंमत वाटावी की कीव करावी हे आम्हांला कळत नाही.

परंतु खरा पेच आहे तो शाळेच्या परिसराचा. शाळेच्या आवारापासून १,००० फुटांच्या आत बंदूक बाळगणे हा मध्यवर्ती कायद्याने गुन्हा आहे. १९९० सालचा हा कायदा सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली रद्द केला आणि काँग्रेसने १९९६ साली थोड्या वेगळ्या शब्दांत पुन्हा केला. शिक्षा पाच वर्षांपर्यंत. त्याला अपवाद आहेत: खाजगी जागा, रिकामी करून कुलूपबंद पेटीत ठेवलेली बंदूक, आणि ज्या राज्यात ती शाळा आहे त्या राज्याने, पोलिसांकरवी पात्रतेची शहानिशा करवून, परवाना दिलेला इसम. आता शहराचा नकाशा समोर घ्यावा आणि प्रत्येक शाळेभोवती सुमारे ३०० मीटर त्रिज्येचे वर्तुळ काढावे. रस्ताभर जाताना एकही वर्तुळ छेदावे लागणार नाही असा मार्ग कोणत्याही गजबजलेल्या शहरात सापडणे दुरापास्त आहे. राज्य म्हणते परवाना नको. मध्यवर्ती कायदा म्हणतो परवाना असेल तरच या वर्तुळातून जा. नागरिक राज्याचे ऐकून घराबाहेर पडतो आणि दोन चौक ओलांडताच मध्यवर्ती कायद्याचा गुन्हेगार ठरतो. हे कलम रोज उठून कोणावर चालविले जात नाही, हे खरे. पण सरकारी वकिलाच्या मर्जीवर ज्याची सुटका अवलंबून आहे, त्याला हक्क म्हणत नाहीत. माँटॅनाने तर यावर अजब तोड काढली. हिंसक गुन्ह्यात दोषी न ठरलेला आणि कायद्याने बंदूक बाळगू शकणारा आपल्या राज्यातील प्रत्येक माणूस या मध्यवर्ती कायद्यापुरता परवानाधारकच समजावा, असे त्या राज्याने आपल्या कायद्यात लिहून ठेवले आहे. अर्ज न घेता साऱ्या राज्याला परवाना!

याच्या नेमके उलट न्यू ऑर्लिन्सने केले. लुईझियानाचा नवा कायदा ४ जुलै २०२४ रोजी अंमलात आला. बर्बन स्ट्रीटवर रात्रंदिवस मद्याचा आणि माणसांचा पूर वाहत असतो. तेथे कमरेला पिस्तुले लटकावलेली गर्दी येऊ नये अशी शहराची इच्छा होती. राज्याच्या कायद्यापुढे शहराचे काय चालणार? तेव्हा शहराने त्या भागातील पोलीस ठाण्यातच व्यवसाय-प्रशिक्षणाची शाळा भरविली, म्हणजे आपोआप भोवतालचे १,००० फूट शाळेचा परिसर झाले. राज्यकर्त्यांनी दार उघडले आणि शहराने शाळेची पाटी लावून ते बंद केले. एखाद्या प्रहसनात शोभावा असा हा प्रसंग आहे. पण प्रवासी म्हणून तेथे आलेल्या शेतकऱ्याला हे कोणी सांगावयाचे?

राज्याची सीमा ओलांडली की तर सारेच बदलते. इंडियानातील गॅरी गावाहून शिकागो तासाभराच्या अंतरावर आहे. गॅरीत परवाना लागत नाही; शिकागो ज्या इलिनॉय राज्यात आहे, तेथे त्यावाचून चालत नाही. परगावच्या माणसाला गाडीत असेपर्यंत काही सवलत आहे, फुटपाथवर पाय ठेवला की ती संपली. न्यू हॅम्पशरमधून मॅसॅच्युसेट्समध्ये जाणारा विनापरवाना पिस्तुलासह सापडला तर त्याला किमान १८ महिन्यांचा कारावास आहे. १९८६ च्या मध्यवर्ती कायद्याने प्रवाशाला संरक्षण दिले आहे ते बंदूक रिकामी असेल आणि हाताला लागणार नाही अशा जागी बंद असेल तर. परवान्याची सक्ती काढलेली राज्ये अजूनही मागणाऱ्याला परवाना देतात, याचे इंगित हेच आहे. ज्याला कायदा कळतो, ज्याच्यापाशी फी भरण्यास पैसा आणि वर्गाला जाण्यास सवड आहे, तो मुकाट्याने परवाना काढतो. तो शाळेजवळून जाऊ शकतो आणि अनेक शेजारी राज्यांत त्याचा कागद चालतो. परवान्याविना राहतो तो गरीब, घाईतला आणि ‘आता काही लागत नाही’ एवढेच ऐकलेला. हक्क त्याच्यासाठी मोकळा केला असे सांगितले जाते, आणि सापळा मांडला जातो तोही त्याच्याचसाठी.

पोलिसाची बाजूही ध्यानात घ्यावयास हवी. इंडियाना राज्य पोलिसांचे प्रमुख डग कार्टर यांनी २०२२ साली आपल्याच राज्याच्या या विधेयकाला उघड विरोध केला होता. अडविलेल्या गाडीत पिस्तूल आहे काय आणि ते बाळगणारा पात्र आहे काय, हे त्या चार-दोन क्षणांत पोलिसाने कसे ओळखावे? मेन आणि अलास्का या राज्यांत परवाना नसलेल्याने आपल्याजवळ पिस्तूल असल्याचे पोलिसाला आपण होऊन सांगितले पाहिजे. ओहायोत २०२२ पासून पोलिसाने विचारले तरच. आपण होऊन सांगणे शहाणपणाचे, असे कोणी म्हणेल. मिनेसोटात २०१६ साली एका कृष्णवर्णी गृहस्थाने, तोही रीतसर परवानाधारक, आपल्याजवळ पिस्तूल असल्याचे पोलिसाला सभ्यपणे सांगितले आणि पुढच्याच क्षणांत तो गोळ्यांना बळी पडला. पोलिसाला पुढल्या वर्षी ज्यूरीने निर्दोष सोडले.

परवान्याच्या विरोधकांपाशी एक मुद्दा मात्र असा आहे की, जो ऐकून कोणाही न्यायी माणसाने क्षणभर थांबले पाहिजे. जानेवारी १९५६ मध्ये ॲलाबामातील माँटगोमरी येथे मार्टिन ल्यूथर किंग यांच्या घरावर बाँब टाकण्यात आला. त्यानंतर त्यांनी पिस्तूल बाळगण्याचा परवाना मागितला आणि तो नाकारण्यात आला. ज्याच्या जिवाला खरा धोका, त्याला नकार. आणि ज्यांच्यापासून धोका, ते मोकळे! अधिकाऱ्याच्या मर्जीवर सोपविलेला परवाना कोणाच्या हातचे हत्यार होतो, याहून लख्ख उदाहरण मिळणार नाही. परंतु या अन्यायाचा उतारा मर्जी नष्ट करणे हा होता; नियम लिहावा, तो सर्वांना सारखा लावावा, मुदतीत उत्तर द्यावे आणि फी गरिबाला परवडेल अशी ठेवावी. अशी पद्धत कित्येक राज्यांत चालूही होती. टेक्ससमध्ये परवान्यापूर्वी चार ते सहा तासांचा वर्ग आणि नेमबाजीची चाचणी असे. त्यात कोणाचे स्वातंत्र्य बुडत होते, हे आम्हांला समजू शकत नाही.

२०२१ या एका वर्षात अमेरिकेत ४८,८३० माणसे बंदुकीने मेली आणि त्यांतील निम्म्याहून अधिक आत्महत्या होत्या. शस्त्रे अधिक तर गुन्हे कमी, असा सिद्धांत जॉन लॉट यांनी १९९८ साली मांडला आणि तो पुष्कळांना आवडला. रँड या संस्थेने पुढे उपलब्ध अभ्यासांची छाननी केली, तेव्हा परवाने सढळपणे देणाऱ्या कायद्यांनी हत्या वाढतात याच बाजूला पुरावा झुकलेला आढळला. परवानाच नसण्याचे परिणाम मोजण्याइतका काळ अजून लोटलेला नाही. पण कोणी शिकवावयाचे नाही आणि कोणी तपासावयाचे नाही, या योगाने ते सुधारतील असे मानण्यास आम्हांस आधार दिसत नाही.

आपल्याकडे हा वाद १९४८ सालीच मिटला. ब्रिटिशांच्या १८७८ च्या शस्त्रकायद्याचा जाच राष्ट्रीय चळवळीला पुरेपूर माहीत होता, म्हणून कराचीच्या १९३१ च्या ठरावात नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्क मूलभूत हक्कांत घातलेला होता. घटनासमितीत हरि विष्णु कामत यांनी त्याची आठवण दिली, डॉ. आंबेडकरांनी तो स्वीकारला नाही, कारण मग चोरालाही तो हक्क सांगता येईल. आपल्या घटनेच्या १९ व्या कलमात नागरिकांना एकत्र जमण्याचा हक्क आहे तो शांततेने आणि शस्त्रांवाचून.

तरीही हा सारा परक्या देशाचा मामला म्हणून आमच्या वाचकाने पान उलटू नये. पुण्यामुंबईच्या कित्येक घरांतील मुलेमुली आज डॅलस, ह्यूस्टन, अटलांटा येथे नोकरीला वा शिक्षणाला आहेत, आणि परवाना लागत नाही हे त्यांच्याही कानावर गेलेले आहे. त्यांनी हे पक्के ध्यानात ठेवावे की, एच-वन-बी सारख्या तात्पुरत्या नोकरीच्या, विद्यार्थ्याच्या किंवा पर्यटकाच्या व्हिसावर असलेल्या परकीयाला मध्यवर्ती कायद्याने बंदूकच नव्हे तर काडतूसही जवळ बाळगणे मना आहे. आणि २०२२ पासून या अपराधाची शिक्षा पंधरा वर्षांपर्यंत वाढविण्यात आली आहे. राज्याने परवाना काढून टाकला म्हणून यात तिळमात्र फरक पडत नाही. सहकाऱ्यासोबत मौजेखातर नेमबाजीच्या मैदानावर जाणेही निर्धोक नव्हे. सर्वोच्च न्यायालयाने २०१९ साली निकालात काढलेला एक गाजलेला खटला अशाच एका परदेशी विद्यार्थ्याचा होता. महाविद्यालयातून नाव कमी झाल्यामुळे त्याचा व्हिसा संपला होता, आणि त्याचा अपराध म्हणजे मैदानावर जाऊन त्याने गोळ्या झाडल्या. आपला दर्जा त्याला ठाऊक होता हे सरकारने सिद्ध केले पाहिजे, एवढीच सवलत न्यायालयाने दिली. ग्रीन कार्ड मिळालेल्यांना ही बंदी लागू नाही, परंतु शस्त्रासंबंधीच्या गुन्ह्यात दोषी ठरल्यास तेही देशाबाहेर काढले जाऊ शकतात. मुलाकडे सहा महिन्यांसाठी गेलेल्या आईवडिलांनीही पिस्तूल हातात धरून छायाचित्र काढून घेण्याचा मोह टाळावा. तात्पुरत्या व्हिसावाल्याला कायद्याने ठेवलेली मुख्य पळवाट आहे ती शिकारीच्या अधिकृत परवान्याची. म्हणजे ज्या टेक्ससात नागरिकाला कसलाही कागद लागत नाही, तेथे आपल्या मुलाला वन्यजीव खात्याच्या खिडकीवर जाऊन तो आणावा लागतो. आणि त्याची मुदत ज्या दिवशी संपते, त्या दिवशी ती सवलतही संपते.